समुद्रातली छावणी

तिसगावापासून समुद्र किती लांब आहे हे गावात कुणी मोजलेलं नाही, कारण तशी वेळच कधी आली नाही. पाथर्डी तालुक्यात पाणी म्हटलं की डोळ्यांपुढे टँकर येतो, आणि टँकरला लाटा नसतात. अशा गावातली सहादेव लवांडेंची थोरली मुलगी सृष्टी प्रवाळांवर संशोधन करून डॉक्टर झाली, तेव्हा गावाने आधी चौकात अभिनंदनाचा फलक लावला आणि मग एकमेकांना विचारलं, की प्रवाळ म्हणजे नेमकं काय.

चार जर्सी गाईंचा मालक असलेल्या सहादेवने उत्तर तयार ठेवलं होतं. ती बारकी बारकी जनावरं असतात, लाखोंनी एकत्र राहतात, स्वतःचं दगडी घर स्वतः बांधतात, आणि आपली पोरगी त्यांची राखण करते. पुस्तकात याहून फारसं वेगळं लिहिलेलं नाही, फक्त पुस्तक जाड असतं.

सृष्टी पोहायला शिकली ती विहिरीत, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून. समुद्र तिने पहिल्यांदा पाहिला तो बाविसाव्या वर्षी. आता चौतिसाव्या वर्षी ती मालवणजवळच्या खडकांवर प्रवाळांच्या दोनशे बारा वसाहती सांभाळत होती. दर महिन्याला हवेची टाकी पाठीवर घेऊन खाली जायचं, प्रत्येक वसाहत मोजायची, फोटो काढायचा, वर यायचं. ओळख पटावी म्हणून लावलेल्या परदेशी पट्ट्या एका पावसाळ्यात वाहून गेल्या, तेव्हा तिने नगरच्या दुकानातून गुरांच्या कानात मारायचे पिवळे बिल्ले आणले. ते टिकले. बिल्लेवाल्या प्रवाळांची चित्रफीत घरी दाखवली तेव्हा आईने, साळूबाईने, बराच वेळ निरखून पाहिलं आणि यातलं दुभतं कुठलं, असं विचारलं.

चेष्टा चेष्टेच्या जागी, पण खाली चाललेलं काम गंभीर होतं. प्रवाळाच्या अंगात एक सूक्ष्म शेवाळ राहतं. तेच त्याला रंग देतं आणि तेच उन्हावर अन्न शिजवून खाऊ घालतं. समुद्र नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी तापला आणि तापलेलाच राहिला, की प्रवाळ घाबरून आपल्या स्वयंपाक्यालाच घराबाहेर काढतं. मग ते पांढरं पडतं, उपाशी राहतं, आणि महिना-दीड महिन्यात मरतं. हे पूर्वी दहा-पंधरा वर्षांतून एकदा व्हायचं. आता प्रवाळांना आजारातून उठायलाही उसंत मिळत नव्हती.

फेब्रुवारीत सृष्टी दोन दिवस घरी आली. येता उन्हाळा आजवरचा सगळ्यात वाईट असणार, असे अंदाज होते. आठ वर्षं राखलेल्या दोनशे बारा वसाहती मे महिन्यापर्यंत मरणार आणि आपण शेजारी बसून ते मोजणार, असं तिने गोठ्यात धार काढणाऱ्या बापाला सांगितलं. सहादेवने मान वर केली नाही.

"मग छावनी काढ की," तो म्हणाला. "हितं चारा संपला तर आमी जनावरं काय जाग्यावर मरू देतो व्हय? जिथं सोय हाय तिथं न्यायची."

सृष्टी हसली. बस मालवणला पोचेपर्यंत तिचं हसू थांबलं होतं. खडकांच्या पलीकडे चाळीस फूट खोल एक घळ होती. तिसगावात चाळीस फुटांवर पाणी लागलं तर पेढे वाटतात. इथे चाळीस फुटांवर पाणी दीड अंशाने थंड होतं. उन्हाळाभर प्रवाळं तिथे ठेवायची, पाऊस सुरू होऊन वरचं पाणी निवलं की परत आणायची. तिने परवानग्या काढल्या आणि वेल्डरकडून अठरा लोखंडी चौकटी करून घेतल्या.

छावणी तिला नवी नव्हती. दोन हजार एकोणीसच्या दुष्काळात लवांडे कुटुंब गाईंसकट दोन महिने चारा छावणीत राहिलं होतं. ताडपत्रीखाली, हंबरण्याच्या साथीने, सृष्टीने आपल्या प्रबंधाची दोन प्रकरणं लिहिली होती. छावणीचा एक नियम तिच्या मनात पक्का बसला होता: दारात आलेलं जनावर माघारी पाठवायचं नाही, मग ते कुणाचं का असेना, कितीही हाडं वर आलेलं का असेना.

घोटाळा तिथेच झाला. दोन वसाहतींमध्ये हातभर अंतर सोडायचं तर अठरा चौकटींवर सव्वाशेच मावत होत्या. शिवाय तीसेक वसाहतींच्या कडा संशयास्पद पांढुरक्या होत्या. होडीवाल्या काकांनी सुचवलं, की तेवढ्या वसाहती बाईंनी इथेच ठेवाव्यात. त्यावर पाण्याने निथळत सृष्टीने त्यांना छावणीचा नियम ऐकवला. काका कोकणातले. त्यांनी छावणी पाहिली नव्हती. बाईंना ऊन लागलं असं समजून त्यांनी शहाळं फोडून पुढे केलं. सृष्टीने दोनशे बाराच्या दोनशे बारा वसाहती खाली नेल्या आणि हातभर अंतराच्या जागी वीतभर अंतर ठेवून दावणीला बांधल्या.

एप्रिलमध्ये वरचं पाणी बत्तीस अंशांवर गेलं. जुन्या खडकांवर उरलेलं, बिल्ले नसलेलं सगळं प्रवाळ चुना फासल्यासारखं पांढरं झालं. घळीतल्या चौकटी मात्र तपकिरी, भरलेल्या, खात्यापित्या घरच्या दिसत होत्या. तिने फोटो पाठवला. सहादेवने तो आठवडी बाजारात फिरून दाखवला, अगदी ज्याच्याशी बोलणं बंद होतं त्या कांद्याच्या व्यापाऱ्यालाही. समुद्रातली पहिली छावणी तिसगावच्या डोक्यातून निघाली, हे बाजाराने मान्य केलं. व्यापाऱ्याने अनुदान किती, एवढंच विचारलं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात पट्टा दिसला. तापण्याचा नव्हे, रोगाचा: प्रवाळाच्या बुडापासून वर सरकणारा पांढरा पट्टा, ज्याच्या मागे नुसता सांगाडा उरतो. सुरुवात त्या तीस संशयितांपासून झाली होती, आणि वीतभर अंतर ओलांडायला रोगाला चार दिवस पुरत होते. सृष्टीने बंदरावरूनच बापाला फोन लावला.

सहादेवने सगळं ऐकून घेतलं. मग आजारी आणि धडधाकट एकाच दावणीला होती का, असं विचारलं. होती, असं ती म्हणाली.

"अगं, छावनीत बी आजारी जनावर येगळं बांधत्यात," तो म्हणाला. "लिंबापल्याड दुसरी दावन हुती. तू तिथंच हुतीस की, सृष्टे."

ती तिथेच होती. दोन महिने होती. लिंबापर्यंत ती कधी गेली नव्हती. मान खाली घालून प्रबंध लिहीत होती. छावणी तिने अर्धीच पाहिली होती आणि पुरी समजून समुद्रात उतरवली होती.

पावसाळ्यासाठी समुद्र बंद व्हायला नऊ दिवस होते. घळीत दुसरी जागा नव्हती आणि वर नेलं तर बत्तीस अंश. तरी एकाहत्तर निरोगी वसाहती तिने सोडवल्या, निम्म्या घळीच्या तोंडाशी उघड्या कातळावर चिकटवल्या, निम्म्या वरच्या जुन्या खडकावर नेल्या. नवव्या दिवशी लाटांनी होडी परत फिरवली.

ऑक्टोबरात समुद्र उघडला तेव्हा सहादेव सोबत आला. समुद्र बघायला म्हणून नव्हे, घरी त्याचं लक्षच लागत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा होडीत बसलेल्या त्या माणसाने सकाळची भाकरी तासाभरात दर्याला परत केली आणि मग काठ धरून, डोळे मिटून बसून राहिला. सृष्टी पाऊण तासाने वर आली. तिने पाण्याखाली लिहायची पाटी पुढे केली. पाटीवर तीनचा आकडा होता. तिन्ही कातळावरच्या, आणि त्यांच्यातही नखाएवढाच भाग जिवंत. जुन्या खडकावर हौदाच्या तळाशी धरतं तसलं शेवाळ दाटलं होतं.

सहादेवने पाण्यात हात घातला.

"पानी तर गार झालंय की."

"झालंय, अण्णा. पण माघारी न्यायचं कुणाला? आणि न्यायचं कुठं? घरच राहिलं नाही."

"फुडल्या साली आनखी खोल न्हेऊ."

"आणखी खोल ऊन पोचत नाही. तिथं ती उपाशी मरतात."

ढेप किती, गूळ किती, कुठल्या दुखण्याला कुठला पाला, हे झोपेतही सांगणाऱ्या सहादेवने ओला हात सदऱ्याला पुसला आणि चौकटीचा दोर धरला. दोघांनी आणि काकांनी मिळून अठरा चौकटी वर ओढल्या. अख्खा दिवस लागला.

दुसऱ्या दिवशी खोलीवर ती अहवाल लिहायला बसली. पद्धतीत काय चुकलं ते तिने स्वच्छ लिहिलं: आजारी वसाहती वेगळ्या ठेवल्या नाहीत, अंतर कमी ठेवलं, निर्णय माझा. 'पुढील उपाय' या रकान्यापाशी ती अडली. शेजारी बसलेल्या सहादेवने इथवर काय लिहिलं ते वाचून दाखवायला लावलं.

"छावनी काढ म्हनून म्या सांगितलं हुतं," तो म्हणाला. "माजं बी नाव घाल."

अहवालात तशी जागा नसते, असं तिने समजावलं.

"एवढ्या मोठ्या कागदात चुकनाराला जागा न्हाई व्हय?"

मग तिने आभाराच्या परिच्छेदात लिहिलं: मूळ कल्पना, सहादेव लवांडे, पशुपालक, तिसगाव. त्याने ते दोनदा वाचलं, लवांडेतला काना-मात्रा तपासला आणि समाधान झाल्यासारखी मान हलवली. 'पुढील उपाय' हा रकाना तिने रिकामा ठेवला आणि अहवाल पाठवून दिला.

डिसेंबरात ती पुन्हा खाली उतरली. तिन्ही पांढऱ्या होत्या, आणि एकीवर शिंपल्याने बस्तान बसवलं होतं. अहवालात मात्र अजून तीन जिवंत आहेत.