आप्पांची हजेरी

"अठरा नंबर! कलीम! कुठाय कलीम?"

लातूरच्या महादेवाच्या देवळातली घंटा दबून जावी असे आप्पा पायरीवरून ओरडले. हे माझे वडील. किल्लारीकडच्या शाळेत ते पाढे घ्यायचे तेव्हा शिवारातले बैलसुद्धा तालात पाऊल टाकायचे. खोटं वाटलं तर बैलांना विचारा.

आता त्याच जिभेवरून शब्द निसटून चालले होते. चमच्याला "ते… ढवळायचं," मला "पाहुणे." हातात कपबशी धरून विचारायचे, "चहा झाला का?" नांदेडचे डॉक्टर म्हणाले, आत्ताचं टिकत नाही, घोटलेलं मात्र उशिरापर्यंत राहतं. आप्पांपाशी राहिली होती भूकंपाच्या वर्षीची हजेरी, एक ते बेचाळीस, एकही नाव न चुकता. मला ती नुसती नावं. 'हजर' ऐकू आलं नाही की मास्तर त्या पोराला हुडकायला घरी जायचे. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडाशेडातून असेच फिरले होते.

त्या सोमवारी मी नळावर पाय धुतले, वळून पाहिलं, तर पायरी रिकामी.

लातुरात शिकवण्या सुटायची वेळ. अख्ख्या महाराष्ट्राची पोरं पाठीवर दप्तरं घेऊन एकाच रस्त्यावर. त्या लोंढ्यात हत्ती हरवला असता. आप्पांना ना घर सांगता येई, ना स्वतःचं नाव. महादेवावर मी कधीचा रुसलो होतो. गावाला बोलायला शिकवणाऱ्याचीच वाचा का नेतोस? आता गयावया केली, "वाचा ने, ओळख ने, माणूस तेवढा दे."

आणि गर्दीपलीकडून तोच खणखणीत आवाज आला.

"सतरा, सलीम!"

"हजर, सर!"

टेलरच्या दुकानात आप्पा खुर्चीवर बसले होते, हातात कापडावर खुणा करायचा खडू. समोर चाळिशीचा टेलर मशीन सोडून वर्गातल्यासारखा ताठ उभा.

"अठरा, कलीम!"

टेलरनं क्षणभर डोळे मिटले. "हजर, सर!"

आप्पा हसले. कित्येक महिन्यांनी.

एवढ्या दुकानांतून हेच कसं सापडलं, ते मी महादेवाला विचारलं नाही. आप्पांना मीच सांभाळतोय अशी माझी घमेंड होती, ती तिथंच उतरली. छाती मात्र मांडवाएवढी झाली. शब्द गेले, तरी माझा बाप अजून मास्तर होता!

"मी सतरा नंबर, दादा," टेलर हळूच म्हणाला. "अठरा माझा भाऊ. भूकंपात ढिगाऱ्याखालीच राहिला."

मी विचारलं, "मग त्याची हजेरी का दिली?"

त्यानं मशीनच्या सुईत दोरा ओवला.

"दिली नसती, तर सर हुडकायला निघाले असते."