लेन बोगुशला आलेला फोन

लेन बोगुशचं आणि माझं एकाच गोष्टीवरून वीस वर्षं भांडण होतं. मी कागद घेऊन दारोदार सह्या गोळा करते, आणि तो सही करत नाही.

"इरेन, तुझ्या सह्यांना काडीची किंमत नाही," तो म्हणायचा. "जे तुझ्यासारखं बोलतात त्यांच्याच दारात तू जातेस. याला नमुना म्हणत नाहीत. टोळी म्हणतात."

माझं डोकं फिरायचं. मी आठवीत शाळा सोडली. पुढचं सगळं घरमालकांशी आणि नगरपालिकेतल्या टायवाल्यांशी भांडून शिकले. मला नमुना शिकवणारा हा कोण?

तर हा बाटल्या तपासणारा. ओहायोतल्या आमच्या गावच्या काचकारखान्यात त्याची एकतीस वर्षं गेली. सरकत्या पट्ट्यावरून मधूनच एक बाटली उचलायची, मापायची, उजेडासमोर धरायची, फोडायची, आणि तिच्यावरून मागच्या हजारो बाटल्यांचं नशीब ठरवायचं. एकदा लोणच्याच्या एका बरणीत केसाएवढा तडा दिसला म्हणून त्याने रात्रपाळीचा सगळा माल अडवला. फोरमन पाया पडायचा बाकी होता. लेन हलला नाही.

या कामामुळेच त्याला मतचाचण्यांचं वेड लागलं. राष्ट्राध्यक्षांचं काम किती टक्के लोकांना पसंत आहे, हा आकडा पेपरात आला की तो आलेखाच्या वहीत ठिपका काढायचा. वहीत पाच राष्ट्राध्यक्ष होते. युद्ध सुरू झालं की टेकडी, पेट्रोल महागलं की खड्डा.

"हजार माणसांना विचारून देशाचं कसं कळतं?" मी विचारायची.

"मग काय सगळ्याच बाटल्या फोडू?"

एकच गोष्ट त्याला सलत होती. त्या हजारांत त्याचा नंबर कधी लागला नाही. फोन संध्याकाळी जेवणाच्या वेळी करतात, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. त्या फोनवाल्यांना गाव शिव्या देतं. लेन मात्र गुरुवारचा बोलिंगचा खेळ सोडून फोनशेजारची खुर्ची धरून बसायचा. दोनदा तर त्याने खिडक्या विकणाऱ्यालाच राष्ट्राध्यक्षांबद्दल मत ऐकवलं. खिडकीवाल्याने फोन ठेवून दिला. "हजारो बाटल्या उचलल्या मी," एकदा बिअर पिताना तो म्हणाला, "मला कुणी उचललं नाही."

त्या ऑक्टोबरात आमच्या भागातली बस बंद व्हायची होती. ती वाचवायचा कागद घेऊन मी त्याच्या स्वयंपाकघरात बसले होते. त्याची बायको बर्नडीन बटाटे सोलत होती. लेन नेहमीसारखा नाही म्हणत होता, आणि भिंतीवरचा फोन वाजला.

त्याने उचलला, आणि त्याचा चेहरा चर्चमध्ये पहिल्यांदा कम्युनियनचा प्रसाद घ्यायला निघालेल्या पोरासारखा झाला. फोनवर हात ठेवून तो कुजबुजला, "तेच आहेत."

पलीकडची पोरगी इतक्या खणखणीत आवाजात वाचत होती की टेबलापर्यंत ऐकू येत होतं. "घरातल्या अठरा वर्षांवरील ज्या व्यक्तीचा वाढदिवस सर्वांत अलीकडे झाला, त्यांच्याशी मला बोलायचं आहे."

"मीच तो," लेन म्हणाला. "एप्रिल."

"सोमवारी," बर्नडीन म्हणाली. मान वर केली नाही.

"काय सोमवारी?"

"माझा झाला."

तो दिवस गुरुवार होता. बर्नडीनने पुढचा बटाटा सोलायला घेतला.

"सांग तिला तुझाच वाढदिवस शेवटचा म्हणून," बर्नडीन म्हणाली. "नाहीतरी तुझ्या हिशेबी माझा झालाच नाही."

"ठोकून दे की लेन," मी म्हणाले. "कोण बघायला येतंय? इतकी वर्षं थांबलायस."

तो माझ्यावर असा उखडला की मी कागद छातीशी धरला. "म्हणजे हवी ती बाटली उचलायची? मग तो नमुना राहतो का, बाई? माझ्यासारखे खुर्ची धरून बसलेले म्हातारेच सगळीकडे बोलले, तर माझ्या वहीत काय राहिलं?"

त्याने रिसीव्हर बायकोपुढे धरला.

बर्नडीनने हात पुसून फोन घेतला.

"राष्ट्राध्यक्ष ज्या प्रकारे आपलं काम करत आहेत, ते आपल्याला पसंत आहे की नापसंत?"

लेन तिच्यासमोर जाऊन अंगठा वर करत राहिला. तिने पाठ फिरवली. फोनची वायर त्याच्या गळ्याशी आली.

"नापसंत."

"खूप नापसंत, की थोडंसं?"

"खूप."

लेन खुर्चीत बसला.

"एकंदरीत गोष्टी योग्य दिशेने चालल्या आहेत, की अयोग्य?"

"देशातल्या विचारतेयस की घरातल्या?"

"मी फक्त प्रश्न पुन्हा वाचू शकते, मॅडम."

"मग अयोग्य लिही. दोन्हीकडे लागू पडेल."

असे अकरा मिनिटं तिचे प्रश्न चालले. फोन ठेवून बर्नडीन टेबलाशी आली आणि माझा कागद स्वतःकडे ओढला. "ही बस ना? चर्चला रोज मीच जाते तिने. इतकी वर्षं येतेयस इरेन, मला कधी विचारलं नाहीस." तिने सही केली.

शनिवारी पेपरात आकडा आला. पसंती एका टक्क्याने घसरली होती. लेनने ठिपका काढला आणि बायकोला म्हणाला, "एक टक्का काही धरायचा नसतो. तीन टक्के इकडेतिकडे होतातच."

"असेल," ती म्हणाली. "पण मी त्यात आहे."

रविवारी तो माझ्या दारात आला. गेल्या वीस वर्षांत पहिल्यांदाच. टोपी हातात. फोनवरच्या पोरीने उत्तरं गुप्त राहतील असं वाचून दाखवलं होतं, आणि बर्नडीन त्या शब्दाला चिकटून बसली होती. त्याने केकसुद्धा आणून पाहिला. केक तिने खाल्ला. नापसंती का, ते सांगितलं नाही.

"तुला सांगितलं असेल ना तिने?" त्याने विचारलं. "तुम्ही दोघी बसच्या थांब्यावर बोलत होतात."

मी बसचा कागद आणि पेन पुढे केलं. तो कागदाकडे बघत राहिला. मग चष्मा लावला, कागद उजेडाकडे धरून वरपासून खालपर्यंत तपासला, आणि सही केली. लेनर्ड जे. बोगुश, पूर्ण पत्त्यासकट.

मी कागद घडी करून आत ठेवला, आणि मगच सांगितलं की तिने मला एक अक्षर सांगितलेलं नाही.