अर्विनच्या बंदुकीत अडकलेला गज

लामार झर्बीने सकाळपासून त्या गजाला जेवढ्या शिव्या घातल्या, तेवढ्या साठ वर्षांत माणसांनाही घातल्या नसतील. आणि माणसांच्या बाबतीत तो काही कंजूष नव्हता.

बंदूक ठासणीची, चकमकीची: दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालून लांब गजाने ठासायची. मूळची त्याच्या थोरल्या भावाची, अर्विनची. तीन वर्षांपूर्वी अर्विनने ती रागाने विकून टाकली होती. मागच्या शनिवारी गावच्या जुन्या बाजारात ती लामारला एका टेबलावर दिसली आणि दस्त्यावर अर्विनने कोरलेलं ओकचं पान त्याने लांबूनच ओळखलं. विकणारा म्हणाला, "शोभेला ठेवा. नळीत गज अडकलाय, तो काही निघत नाही."

लामारने ती घेतली. नाताळनंतरचा, चकमकीच्या बंदुकांनी हरणं मारायचा मोसम उद्या संपत होता. त्याआधी बंदूक भावाच्या हातात ठेवून भांडण मिटवायचं, असं त्याने ठरवलं होतं. अर्विनला हल्ली माणसांची नावं आठवेनाशी झाली होती. पुढच्या मोसमापर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता.

भांडण तरी केवढं! पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगरात रीत आहे: हरीण हुकलं की शिकाऱ्याच्या शर्टाचं मागचं टोक कापायचं आणि शिकारीच्या खोपटाच्या भिंतीला ठोकायचं. तीन वर्षांपूर्वी अर्विनच्या पुढ्यात, वीस पावलांवर, शिंगवाला नर उभा राहिला. चकमक झडली, नळीच्या कानाशी, म्हणजे बाजूच्या बारीक भोकाशी, ठेवलेली चिमूटभर रंजक भडकली, पण आतला बार झालाच नाही. हरीण शेपूट उडवून गेलं.

"दारू ओली झाली होती," अर्विन म्हणाला.

"नाचता येईना, अंगण वाकडं!" म्हणत लामारनेच कात्री चालवली. सगळे हसले. अर्विन पुन्हा खोपटात आला नाही.

लामारने बंदूक भरलेली आहे असं धरूनच काम सुरू केलं. वासरांच्या औषधाची पिचकारी घेऊन त्याने कानातून आत पाणी सोडलं, म्हणजे असलेली दारू मरेल. पाणी गेलं तसं स्वच्छ परत आलं. त्याने तिकडे लक्ष दिलं नाही. मग नळी बाकावरच्या शेगड्यात, व्हाइसमध्ये, आवळून गज पकडीने ओढला. गज हलला नाही, पकड सटकली आणि बोटांची सालटी निघाली. तेल ओतलं, तासभर थांबला, पुन्हा ओढला. गजाचं वरचं टोकच तुटून हातात आलं.

"आग लागो तुला!" त्याने पकड भिंतीवर भिरकावली.

फर्न, त्याची बायको, दारात कॉफी घेऊन उभी होती. "ट्रॅक्टरला बांध आणि ओढ. नाहीतरी तुझं डोकं तेवढंच चालतं."

"तुला मजा वाटतेय का? उद्या शेवटचा दिवस आहे, फर्न!"

"मग ओढतोस कशाला? मागून ढकल. ट्रॅक्टरला ग्रीस कसं भरतोस?"

लामारने कपाळावर हात मारून घेतला. बायकोचं बरोबर निघालं याचाही त्याला रागच आला. त्याने कानात आट्यांनी बसवलेली पुंगळी सोडवली, तिथे ग्रीसचं निप्पल बसवलं आणि ग्रीस-गनचा दांडा मारायला लागला. वीस वेळा, तीस वेळा. गज बोटभर वर आला. मग बोटा-बोटाने चढत शेवटी पूर्ण बाहेर घसरला. टोकाला गोळी काढायचा स्क्रू होता आणि स्क्रूत रुतलेली शिशाची गोळी, चिंधीसकट.

गोळीमागून ग्रीस आलं. पिवळंधमक, नवं कोरं. काळा कण नाही.

लामार ते बोटावर घेऊन बघत बसला. सकाळचं स्वच्छ पाणी त्याला आता आठवलं. आत दारू नव्हतीच. आधी दारू, मग चिंधी, मग गोळी, हे त्याला आठव्या वर्षी अर्विननेच शिकवलं होतं. टाळकं बडवून शिकवलं होतं. तो अर्विन दारू घालायचीच विसरला होता. आणि ते उमगल्यावर कुणाला कळू नये म्हणून एकट्याने गोळी उपसायला गेला आणि गज अडकवून बसला.

"काय झालं?" फर्नने विचारलं.

"मी गाढव आहे," लामार म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "तेव्हाच सुरू झालं होतं गं त्याचं विसरणं. आणि मी कात्री घेऊन हसत होतो."

दुसऱ्या दिवशी नवा गज बसवलेली बंदूक घेऊन तो अर्विनच्या लेकीच्या घरी गेला. वाटेत खोपटातून शर्टाचा तो तुकडा उपटून त्याने चुलीत घातला होता.

अर्विन खिडकीशी बसला होता. त्याने दस्त्यावरच्या पानावरून अंगठा फिरवला. भावाचं नाव काही त्याला घेता आलं नाही.

"गज निघाला?" त्याने विचारलं.

"निघाला. गोळीपण."

अर्विनने मान वर केली. "आत दारू होती का रे?"

"होती की," लामार म्हणाला. "ओलीचिंब. नुसता लगदा झाला होता."

अर्विन खुर्चीत मागे टेकला. "तीन वर्षं मी तेच सांगतोय," तो म्हणाला, "पण माझा धाकटा भाऊ ऐकतच नाही."