मामंजींची पांढरी गोळी

माझ्या अंगावर पित्त उठतं ते शाळेमुळे, असा निकाल कसब्यातल्या आमच्या घरी लागला होता. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. चाचणीचे पेपर तपासायला बसले की डोकं दुखायचं, आणि मग तासाभरात हातापायांवर, पोटावर लालभडक गांधी. खाजवून खाजवून जीव नकोसा व्हायचा.

आधी दोष जेवणावर गेला. वांगं बंद झालं, मग शेंगदाणे, मग दही. सासूबाई आमसुलाचं पाणी चोळायच्या. साडीला डाग आणि गांधी जिथल्या तिथे. ताटातलं बंद करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा नोकरी बंद करायचं ठरलं. "उन्हातून जायचं, मुलींवर ओरडायचं. पित्त उठेल नाही तर काय?" सासूबाई म्हणाल्या. नवरा वर्तमानपत्र वाचत होता. त्याचं मत बहुधा त्यातच छापून यायचं होतं, कारण त्याने मान वर केली नाही.

सासरे, म्हणजे मामंजी, दवाखान्यात कंपाउंडर होते. निवृत्त झाले तरी घराचे डॉक्टर तेच. दुसऱ्याकडे जाणं म्हणजे त्यांचा अपमान. माझं डोकं दुखलं की ते स्वतः माझ्या तळहातावर पांढरी गोळी ठेवत आणि मी गिळेपर्यंत समोर उभे राहत. माया होती ती, नाही कसं म्हणू? राजीनामाही त्यांनीच लिहिला, वळणदार अक्षरात. माझी फक्त सही राहिली होती.

त्या शनिवारी माझे ओठ सुजले. मामंजी घाबरले आणि मला डॉक्टरांकडे घेऊन गेले.

जेवणाखाणाचं विचारून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "गोळ्या कुठल्या घेता?"

मी खाली बघितलं.

"डोकेदुखीची. मीच देतो," मामंजी म्हणाले.

"मग तिनेच उठतंय बहुतेक. ती बंद करा. शाळेत खुशाल जा."

मला तिथेच रडू आलं, आनंदाने. घरी येताना मी मनात पुढच्या चाचणीचे प्रश्न काढत होते. मामंजी दोन पावलं पुढे चालत होते.

"काय म्हणाले डॉक्टर?" सासूबाईंनी दारातच विचारलं.

मामंजींनी चपला काढून नीट जोडून ठेवल्या. "उष्णता आहे म्हणाले. दगदग नको."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते माझ्याकडे बघेनात. बोलायचं म्हणजे जन्मभर औषधाच्या पुड्या बांधलेल्या माणसाला त्याच्याच घरात खोटं पाडायचं. माझी जीभ रेटली नाही. त्यांच्यापेक्षा स्वतःचाच राग येतो मला, अजून येतो. सोमवारी मी सही केली.

ती गोळी पुन्हा कधी माझ्या हातावर आली नाही आणि पित्तही उठलं नाही. सासूबाई आल्यागेल्याला कौतुकाने सांगायच्या, "नोकरी सोडली आणि बघा, अंगावर एक गांधी नाही!"

मामंजी तेवढ्यात उठून आत जायचे.