एक नंबरवरून आलेला मेल

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर शून्य विश्वास. करंजाड्यातल्या आमच्या सोसायटीची लिफ्ट आपोआप सातव्या मजल्यावर जायला लागली, तेव्हा लोकांनी नारळ फोडला. मी मात्र स्क्रू ड्रायव्हर घेऊन गेलो होतो.

पनवेलला एका मालवाहतूक कंपनीत मी आयटी बघतो. कंटेनरची सगळी कागदपत्रं मेलवर येतात. मेल तासभर बंद पडला की ट्रकची रांग थेट माझ्या टेबलापर्यंत येते! म्हणून मेलचे तीन सर्व्हर आहेत, एकमेकांना बांधलेले. दोघं उभे असले की काम चालतं; एकटा उरला की तोही मान टाकतो. त्यामुळे अपडेट एकेकाचं. एकावरचं काम बाकीच्या दोघांवर सरकवायचं, त्याला अपडेट करून उठवायचं, मगच पुढचा.

सोपं आहे ना? मग तारीख ठरवून दाखवा! अकाउंट्स म्हणे, महिनाअखेर नको. डॉक्युमेंटवाले म्हणे, जहाजाच्या दिवशी नको... अहो, जहाज रोजच असतं! शेवटी एक रविवार ठरला, तर शेठ कॅलेंडर बघून म्हणाले, "त्या दिवशी अमावस्या आहे." सॉफ्टवेअरला अमावस्या!! सतरा मीटिंगांनंतर पुढच्या रविवारची दुपार मिळाली. वर शेठनी बजावलं, "मागच्या वेळेसारखा मेल बंद पडला ना, तर सोमवारी राजीनामा घेऊनच ये."

माझ्या आधी हे काम नाखवाकाका बघायचे. मोरा बंदरावरचे कोळी, आता रिटायर. त्यांची एक सवय होती. सर्व्हर उठला की त्याच्यातून स्वतःलाच एक मेल पाठवायचे, आणि तो पोचला की फळ्यावर मार्करने लिहायचे — 'एक उठला.' तोवर दुसऱ्याला हात लावायचा नाही, शेठ डोक्यावर उभे राहिले तरी. मी नवा प्लॅन केला तेव्हा ही पायरी उडवली. स्क्रीनवर हिरवा दिवा दिसतो की! फळा कशाला?

तर रविवारी दुपारी अडीच. ऑफिसात मी आणि एसी, त्यातला एसी बंद. एक नंबरचा सर्व्हर अपडेट झाला, रीस्टार्ट झाला, हिरवा दिवा. मी दोन नंबर बंद करायला माऊस नेला... आणि माझ्या इनबॉक्समध्ये मेल टपकला. पाठवणारे — नाखवाकाका. विषय काही नाही. आत एकच ओळ: 'एक उठला नाय. दोनला हात लावू नको.'

काकांचं अकाउंट मी स्वतः डिलीट केलंय. दोन वर्षांपूर्वी. ह्याच हातांनी.

मी एक नंबर उघडून बघितला. मशीन चालू, पण मेलचा प्रोग्रॅम आत गाढ झोपलेला! दोन नंबर बंद केला असता तर तिसरा एकटा उरून आडवा, म्हणजे तिघंही गार, आणि सोमवारी मी राजीनाम्यासकट हजर. मग त्या मेलचा प्रवास तपासला. निघाला होता एक नंबरवरून. जो त्या क्षणी एक अक्षरही पाठवू शकत नव्हता!

लगेच काकांना फोन लावला.

"काका, आत्ता मेल केलात मला?"

"मी? मी धक्क्यावर जाली शिवतोय. हातात सुई हाय माज्या."

"अहो, तुमच्या नावाने आलाय!"

"पासवर्ड तूच काडून घेतलास ना? आता मलाच इचारतोस?" मग म्हणाले, "फळ्यावर लिवलंस का?"

"...नाही."

"मग लिव. आमी काय येडे होतो काय?"

एक नंबर नीट उठवला, त्यातून स्वतःला मेल पाठवला, आणि तो पोचल्यावर गुपचूप फळ्यावर लिहिलं. संध्याकाळपर्यंत तिन्ही सर्व्हर नीट उठले, मेल एक मिनिटही बंद नाही. सोमवारी शेठ खूश. म्हणाले, "बघ! अमावस्या टाळली म्हणून." ह्या माणसाला आता काय सांगू?

तो मेल कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. हॅकिंग, जुना अडकलेला मेल, माझी ॲसिडिटी... सगळं तपासून झालं. आता प्रत्येक अपडेटचा प्लॅन मी काकांच्या त्या डिलीट केलेल्या पत्त्यावरही पाठवतो. खरं तर 'असा पत्ता नाही' म्हणून तो लगेच परत यायला हवा.

अजून एकदाही परत आलेला नाही.