मिसरी माझी, गाठ नातीची

बायांनो, आज नातीला घिऊन सांगलीच्या दवाखान्यात गेले व्हते.

आमची पूजा पोलीस भरतीसाठी रोज पहाटे पळती. वाळत चालली, तर आमी म्हणलो, पळून अंग हलकं झालं. रात्री घामानं अंथरूण भिजायचं, ते उकाड्यावर ढकललं. मानंला गाठ आली, पण दुखत न्हाई म्हणून लय दिवस कुणी दाखवलीच न्हाई.

शेवटी गाठ काढून तपासायला दिली. आज डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हॉजकिन लिम्फोमा आहे. कॅन्सरच, पण उपचारानं बरेच जण बरे होतात."

मी म्हणलं, "आवं, मिसरी मी लावते. मग गाठ हिला कशी?"

"आजी, मिसरी वाईटच, पण हा त्यानं झालेला नाही. नेमकं कशानं झाला, ते सांगता येत नाही."

पूजा मधीच म्हणाली, "मॅडम, भरतीला पळू का?"

"आत्ता नको, बाळा."

 

जन्मभर भावकीशी, रेशनवाल्याशी भांडूनच सगळं मिळवलं. आज तोंडात शिव्या तयार व्हत्या, पण द्यायला समोर कुणीच न्हाई. तुमीच सांगा, आता भांडू तरी कुणाशी?