ड्रॉवरमधला बँड नंबर चौदा

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर हसायला मिळतं म्हणून वाचतोय. कुणाला वळणावर बाई दिसते, कुणाचा बंद रेडिओ वाजतो... मी मनातल्या मनात उत्तर देऊन मोकळा होतो — लूज कनेक्शन, अर्धवट झोप, नाहीतर चक्क थापा. नांदेडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. आई दरवर्षी माहूरहून आली की माझ्या मनगटाला देवीचा दोरा बांधते, आणि दुसऱ्या दिवशी मी तो कात्रीने कापून टाकतो. एवढ्यावरून माझा स्वभाव लक्षात यावा.

एक आधीच सांगतो, ह्यात घाबरण्यासारखं काही नाही. मी त्या दिवसांत एकदाही घाबरलो नाही. घाबरलो असतो तर बरं झालं असतं, कारण घाबरलेला माणूस निदान फोन तरी करतो.

आमच्या डिपार्टमेंटला एक रिसर्च प्रोजेक्ट मिळाला होता. चाकूर तालुक्यातल्या एका गावात (नाव देत नाही) हृदयाचा त्रास असलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या मनगटावर आम्ही बनवलेला बँड बांधायचा. बँड दर दहा मिनिटांनी नाडीचे ठोके मोजणार, रेडिओने गावातल्या पाण्याच्या टाकीवर बसवलेल्या डब्याकडे पाठवणार, आणि तिथून मोबाईल नेटवर्कवरून आकडे शंभरेक किलोमीटरवर नांदेडला माझ्या लॅबमध्ये येणार. रोज दुपारी बारा वाजता कॉम्प्युटर ते आकडे बघून घरच्यांच्या मोबाईलवर एक मेसेज टाकणार — 'आज तब्येत ठीक आहे' किंवा 'डॉक्टरांना दाखवा'. मेसेजची कल्पना माझीच. मला तिचा फार अभिमान होता.

चौदा नंबरचा बँड शेवंताबाईंच्या हातावर होता. वय सत्तरीच्या आसपास, अंगाने काटक, तोंडाने फटकळ. पहिल्या दिवशी मी त्यांना सहज बोललो होतो की घराच्या ओट्यावरून पाण्याची टाकी समोर दिसते, तिथे सिग्नल चांगला मिळतो. झालं! बाई तेव्हापासून रोज अकरा वाजता अंघोळ करून, वेणी घालून, टाकीकडे तोंड करून ओट्यावर बसायला लागल्या. मी गेलो की विचारायच्या, "काल बघितलं का मला? निळं लुगडं नेसले होते."

"आजी, तिकडं फक्त आकडे दिसतात. तुम्ही नाही दिसत."

"आकडं माझंच हायती ना? मग मीच दिसले की."

त्यांची सून संगीता दारात उभी राहून हसायची.

एका सोमवारी मी आणि आमची प्रोजेक्ट असिस्टंट फरहीन गावात गेलो होतो. शेवंताबाईंचा बँड चार्ज होईना. भांडी घासताना सुद्धा त्या तो काढत नसत, त्यामुळे चार्जिंगच्या पिना गंजून हिरव्या पडल्या होत्या आणि बॅटरी फुगली होती. मी बँड काढून खिशात टाकला आणि म्हणालो, "दोन दिवसांत नवीन आणून देतो."

त्या मोकळं मनगट चोळत राहिल्या. "तवर कसं दिसन तुमाला?"

"दिसतं हो, काळजी करू नका," मी म्हणालो. घाईत होतो. गाडी सुरूच होती.

पुढच्या सोमवारी आमच्या प्रोजेक्टचा रिव्ह्यू होता. समिती येणार, आणि समितीला सगळ्यात आधी दिसतात त्या तक्त्यातल्या रिकाम्या जागा. आकडे येत नसतील तर नेटवर्क भरवशाचं कसं म्हणायचं? लॅबमध्ये आम्ही त्याला एक उपाय शोधला होता, आणि त्याला म्हणायचो 'रफू'. म्हणजे असं की भोक पडलं की त्याच माणसाचे मागच्या आठवड्यातले चांगले आकडे तिथे भरायचे. तास दोन तास नेटवर्क गेलं तर बरेच जण असं काहीतरी करतात. मी चौदा नंबरला आख्ख्या आठवड्याचं रफू लावलं, तेही रोज आपोआप होईल असं, आणि स्लाइड्स करायला बसलो.

तेच आकडे बघून बारा वाजता मेसेज जातो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मेसेजची कल्पना माझी असूनसुद्धा.

बुधवारी नवीन बँड घेऊन जायचं होतं, ते मी टाळलं. गुरुवारी सकाळी अकराला लॅबमधल्या स्क्रीनवर घंटा वाजली. लाल पट्टी... पेशंट चौदा, ठोके अनियमित. फरहीन माझ्या आधी स्क्रीनपाशी पोचली.

"सर, हे तर शेवंताबाई. पण त्यांचा बँड तर..."

मी टेबलाचा ड्रॉवर उघडला. बँड तिथेच होता, सोमवारी ठेवला तसा, फुगलेल्या बॅटरीसकट. बटण दाबलं, काही नाही. स्क्रीनवर मात्र दर दहा मिनिटांनी नवी ओळ येत होती. कधी चाळीस, कधी एकशे तीस, मध्येच ठोका गायब. प्रत्येक ओळीसोबत बँड आपल्या बॅटरीचा आकडा पाठवतो. तिथे शून्य होतं. आणि ओळी येत होत्या त्या गावातल्या टाकीवरच्या डब्यातून. त्या डब्याचा रेडिओ चारपाच किलोमीटरच्या पुढचं ऐकूच शकत नाही. बँड तर माझ्या हातात होता, नांदेडमध्ये!

अकरा चाळीसला ओळी थांबल्या.

"सर, एक फोन लावून बघू का संगीताताईला?" फरहीनने विचारलं. मोबाईल तिच्या हातातच होता.

आणि मी काय म्हणालो ते जसंच्या तसं लिहितो. मी म्हणालो, "अगं, मेलेला बँड आहे तो. सॉफ्टवेअरचा घोळ आहे. त्यांना उगाच घाबरवू नकोस, आणि बँड आणला नाही म्हणून आजी मलाच बोलतील."

शेवटचं वाक्य खरं कारण होतं. मी त्या पाच ओळी पुसल्या. रफूने मोकळी जागा पाहिली आणि भरली. बारा वाजता मेसेज गेला.

शुक्रवारी अकराला पुन्हा घंटा. ह्या वेळी मी आकडे वाचलेही नाहीत, चौदा नंबर ब्लॉक करून टाकला, म्हणजे जे काय येईल ते एका बाजूच्या फोल्डरमध्ये पडत राहील. फरहीन मागे उभी राहून बघत होती. तिची आई सुद्धा हृदयाची पेशंट आहे, हे मला माहीत होतं.

शनिवारी दुपारी एकच्या सुमाराला संगीताचा फोन आला. "सर, आई गेल्या. ओट्यावर बसल्या होत्या... बसल्या बसल्याच."

फोन ठेवल्यावर मी ते फोल्डर उघडलं. शुक्रवारी अकरा ते अकरा चाळीस, पाच ओळी. शनिवारी तीन. अकरा वाजता अठ्ठावीस. अकरा दहाला एकोणीस. अकरा वीसला शून्य. त्यानंतर चौदा नंबरकडून आजपर्यंत काही आलेलं नाही.

रिव्ह्यू छान झाला. तेही सांगून टाकतो.

आठव्या दिवशी मी आणि फरहीन भेटायला गेलो. ओसरीवर सतरंजी टाकली होती. शेवंताबाईंचा मुलगा दत्ता — शांत माणूस, चाकूरच्या बाजारात बी-बियाण्याच्या दुकानात कामाला — त्याने पाणी दिलं आणि स्वतःहूनच सांगायला लागला.

"गुरुवारी सकाळी आईला दम लागायला लागला. ओट्यावर बसली ती छातीवर हात ठिवून. मी म्हन्लं, चल लातूरला, दवाखान्यात दाखवू. रिक्षा आणली दारात. तर म्हनली, थांब, बारा वाजू दे. नांदेडला दिसायलंय सगळं, काही असलं तर सर कळवतेल. मग बारा वाजता तुमचा मेसेज आला, ठीक हाय म्हणून. मग कसली ऐकते! रिक्षा वापस पाठवली. शुक्रवारी बी तसंच."

"पण बँड तर माझ्याकडं होता," मी म्हणालो.

संगीता पदराने डोळे पुसत म्हणाली, "तेच मी बी म्हन्लं त्यान्ला. तर म्हनल्या, सरांनी सांगितलंय, दिसतं म्हणून. मंगळवारीच मनगटाला काळा दोरा बांधून घेतला, बँड होता त्याच जागंला. म्हनल्या, हात मोकळा दिसला तर त्यान्ला वाटन म्हातारी उठून गेली. रोज अकराला दोरा टाकीकडं करून बसायच्या. तसाच दोरा घेऊन गेल्या, आम्ही काढला न्हाई."

तेवढ्यात कोनाड्यातला मोबाईल वाजला. संगीताने तो घेतला, वाचला, आणि दत्ताकडे दिला. दत्ताने माझ्यापुढे धरला.

'शेवंताबाई यांची आज तब्येत ठीक आहे.'

दुपारचे बारा वाजले होते. मी रफू बंद करायला विसरलो होतो.

"रोज यायलाय," दत्ता म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बोलणं सोपं गेलं असतं. "सर, एक इचारू? त्या दिवसांत तुमाला तिकडं खरंच काही दिसलं होतं का?"

फरहीनने माझ्याकडे पाहिलं. मला आठवतंय, ओट्यावर ऊन आलं होतं आणि समोर टाकी स्वच्छ दिसत होती.

"नाही," मी म्हणालो.

दत्ताने मान हलवली. "मी म्हन्लंच हिला. दिसलं असतं तर सरांनी फोन केलाच असता."

त्यांनी आम्हाला चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही. परतीच्या वाटेवर लोहा येईपर्यंत फरहीन खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "सर, मी फोन हातात धरून उभी होते. तुम्ही नको म्हणालात, तरी मी लावायला पाहिजे होता." तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही, अर्धा स्वतःकडे घेतला. महिन्याभरात तिने प्रोजेक्ट सोडला.

तुम्ही विचाराल, मग त्या ओळींचं काय? मी शोधायचं बाकी ठेवलं नाही. एकाच नंबरचे दोन बँड असतील म्हणून सगळे बँड तपासले. जुने साठलेले आकडे उशिरा आले असतील म्हणून शेवंताबाईंचे पहिल्या दिवसापासूनचे सगळे आकडे चाळले, तसे ठोके आधी कधीच नव्हते. बँड उघडला. आतली तार गंजून तुटलेली होती, त्यात वीज जाणं शक्य नव्हतं. टेलिकॉममध्ये मोठ्या पदावर असलेल्या माझ्या एका मित्राला सगळं दाखवलं. त्याने दोन दिवस घेतले आणि म्हणाला, "प्रत्येक ओळीवर बँडची गुप्त सही असते, ती बरोबर आहे. म्हणजे हे तुझ्या बँडनेच पाठवलंय. आणि तुझा बँड पाठवू शकत नाही. आता ह्यापुढे मला विचारू नकोस."

म्हणजे उत्तर नाही. मी इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस, आणि माझ्याकडे एका दोऱ्याला उत्तर नाही.

पण खरं सांगू का, मला ते उत्तर तितकंसं नकोच आहे. बँड कसा बोलला, हा प्रश्न धरून बसलं की दुसरा प्रश्न बाजूला पडतो. त्या बाईने तीन दिवस मला हाक मारली, कशी का असेना, ती पोचली, अगदी माझ्या टेबलापर्यंत पोचली. आणि मी ती पुसली. समजा तो खरोखरच घोळ असता, तरी एक फोन केला असता तर काय बिघडणार होतं? फार तर त्या म्हणाल्या असत्या, "बँड कुठंय माझा?"

रफू मी त्याच दिवशी काढून टाकलं. ह्याच आकड्यांवर लिहिलेला रिसर्च पेपर मागे घेतला, कारण विचारल्यावर 'तांत्रिक अडचण' असं लिहिलं. म्हणजे तिथेही खोटंच. आता रोज अकरा वाजता मी राहिलेल्या सगळ्या पेशंटना स्वतः फोन करतो. ते खूश होतात, दुवा देतात, आणि प्रत्येक दुवा मला टोचते.

आईने ह्या वर्षी माहूरहून आणलेला दोरा मी कापलेला नाही. देव पटला म्हणून नाही. कात्री हातात घेतली की ते मनगट आठवतं.

काल मी दत्ताला फोन केला. म्हणालो, रविवारी येतो, थोडं बोलायचं आहे. तो म्हणाला, "या की सर, जेवायलाच या. आई असती तर तुमची वाट बघत ओट्यावर बसली असती." त्या तेरा ओळींचे कागद मी बॅगेत ठेवलेत. पहिल्या पाच मी पुसल्या होत्या, त्या बॅकअपमधून काढल्या. त्यांच्यापुढे ते कागद ठेवायचे आणि सांगायचं की दिसलं होतं, तिन्ही दिवस माझ्यापर्यंत पोचलं होतं.

गेल्या महिन्यातही एका रविवारी मी असाच निघालो होतो, आणि वाटेतल्या अहमदपूरहून परत फिरलो. म्हणून हे आधी इथे लिहिलं.